मह्या की माझ्या? घरी, मोबाईलवर रेकॉर्ड झालेलं गाणं ऐकताना



परतूरच्या एका मुलाचा मेसेज आला. एम.ए. झालंय, पेटची तयारी चालू आहे. विचारतो, "ताई, माझा एक मित्र खोलीत एकटाच बसून गिटार वाजवतो, मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि टाकतो. ना बँड, ना स्टुडिओ. यावर पीएचडी होते का? आमचे एक सर म्हणाले, असल्या व्हिडिओंवर काय डोंबलाचं संशोधन करणार."

होते. पण सरांचा प्रश्न उडवून लावू नका, कारण तोच प्रश्न तुम्हाला मुलाखतीत येणार आहे, फक्त जरा सभ्य भाषेत. मलाही आला होता. माझ्या सिनॉप्सिसच्या वेळी समितीतल्या एका सदस्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे मोबाईलवरचे व्हिडिओ म्हणजे साहित्य की संगीत की नुसतं कंटेंट?" मी तेव्हा "लोकसंगीत" असं काहीतरी पुटपुटले. चुकीचं उत्तर होतं. का चुकीचं, ते मला पुढं दोन वर्षांनी कळलं, आणि आजचं लिखाण त्यावरच आहे.

गिटारवाल्या मित्राकडं आपण शेवटी येऊ. त्याआधी सहा तारांवरून एका तारेवर या. जालन्याहून एसटीनं संभाजीनगरला निघालात की बदनापूर, करमाड, शेंद्रा करत शहराच्या तोंडाशी चिकलठाणा लागतं. तिथं कडूबाई खरात राहतात. आपल्याकडं बहुतेकांनी त्यांना आधी मोबाईलवर ऐकलंय, मंचावर नंतर. हातात एकतारी, समोर कुणाचा तरी फोन, आणि भीमगीत. ढोलकी नाही, पेटी नाही, कोरस नाही. नवरा गेल्यावर एकतारी घेऊन गाणी म्हणत त्यांनी लेकरं वाढवली, आणि असल्याच व्हिडिओंनी त्यांचं नाव महाराष्ट्रभर नेलं. एकट्यानं वाजवणारी-गाणारी कलावंत, घरगुती रेकॉर्डिंग, आणि ते हजारो फोनवर पोचणं: तुमच्या मित्राची जी गोष्ट आहे, तीच आहे ही. फक्त वाद्य वेगळं, आणि तारेमागचा इतिहास फार वेगळा.

मी त्यांचे व्हिडिओ पहिल्यांदा "अभ्यासायला" घेतले तेव्हा काय केलं सांगते. वही घेतली, गाणं लावलं, थांबवत थांबवत शब्द उतरवले. मराठी विभागात आपल्याला हेच शिकवलेलं असतं. गाणं म्हणजे गीत, गीत म्हणजे कविता, कविता म्हणजे शब्द. मग शब्दांखाली आशय, प्रतिमा, जाणिवा. चार दिवसांत दहा गाणी उतरवून झाली, मी खूश. मग माझ्या गाईड मॅडमनी वही चाळली आणि एका शब्दावर पेन्सिल ठेवली. "इथं त्या असंच म्हणतात का?"

मी "माझ्या" लिहिलं होतं. त्या म्हणतात "मह्या".

आता गंमत बघा. मी जालना जिल्ह्यातली. माझी आजी "मह्या" म्हणते, घरी मीही म्हणते. "मह्या मायनं", "मह्या भावाचं". कानानं तो शब्द बरोबर ऐकला होता, हातानं तो दुरुस्त केला. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेपासून निबंधावर ओढलेल्या लाल रेघा हातात उतरल्या होत्या, एवढंच. पुन्हा वही तपासली तर अशा कितीतरी जागा निघाल्या. म्हणजे ज्या बाईचं गाणं मी संशोधनासाठी घेतलं, तिची भाषा मी तिच्या नकळत "शुद्ध" करून ठेवली होती. आणि हे फक्त उच्चाराचं नाही. "मह्या" मध्ये ह वर श्वास सुटतो, "माझ्या" मध्ये तो अडतो. गाणाऱ्याला हा फरक फार मोठा. श्वास सुटला की स्वर लांबवता येतो, हाक मारल्यासारखा. "माझ्या" घालून तीच ओळ म्हणून बघा, चाल तीच ठेवा. ओळ बसते, पण हाक जाते.

तेव्हा पहिली गोष्ट: उतरवताना ऐकू येतं तेच लिहा. समितीला शुद्धलेखनाची काळजी असेल तर प्रस्तावनेत एक परिच्छेद लिहा की बोली जशीच्या तशी ठेवली आहे. तो परिच्छेद लिहायला लाज वाटू देऊ नका.

आता गाण्याकडं. कडूबाईंच्या एकतारीवरच्या घरगुती व्हिडिओंची आणि भीमगीतांच्या एरवीच्या वाद्यवृंदातल्या रेकॉर्डिंगची तुलना करून बघा. वाद्यवृंदात कीबोर्ड असतो, ढोलकी असते, ऑक्टोपॅड असतो, आवाजावर भरपूर घुमारा टाकलेला असतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजायचं असेल तर हे सगळं लागतं, त्याला माझी हरकत नाही. मिरवणूक हीदेखील ऐकण्याची एक रीत आहे आणि तिथं एकट्या तारेचा टिकाव लागणार नाही. पण गाणं म्हणून विचाराल तर मला घरचं रेकॉर्डिंग जास्त चांगलं वाटतं. आवडतं म्हणून सोडून देत नाही, कारण सांगते.

एकतारीला पडदे नसतात. खाली भोपळा, वर दांडी, एक तार, आणि तिच्यावर तर्जनी. ती एकच स्वर देते, गाणाऱ्याचा सा. त्यामुळं तिच्यावर सूर "वाजवता" येत नाही, सूर फक्त गळ्यातच असतो. दुसरं म्हणजे तीच तार तालही देते. बोट पडतं त्या अंतरानं लय होते. म्हणजे लय आणि गळा एकाच माणसाच्या ताब्यात आहेत. ओळ संपली, श्वास घ्यायचाय, घ्या. शब्द जड आहे, त्याच्यावर थोडं थांबायचंय, थांबा. तार वाट बघते. ढोलकीवाला वाट बघत नाही. आठ मात्रांचा केहरवा फिरत असतो, तुम्हाला समेवर यावंच लागतं. मग जी ओळ आधी विचार करत आल्यासारखी यायची, ती आता हजेरी लावायला आल्यासारखी येते.

तिसरं जरा बारीक आहे. कीबोर्ड आला की कॉर्ड येतात. कॉर्ड म्हणजे दोन-तीन स्वर एकत्र दाबणं, आणि त्यानं चालीला एक रंग पक्का मिळतो: हे आनंदाचं, हे दुःखाचं. नुसत्या सा वर गायलेल्या चालीत हा निर्णय मोकळा असतो. भीमगीतांत कृतज्ञता आणि दुखणं एकाच ओळीत येतं. भाकरी आणि त्या भाकरीमागचा बाप, दोन्ही एकदम. कडूबाईंच्या गळ्यात या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी ऐकू येतात. कीबोर्डवाल्यानं एक कॉर्ड निवडली की त्यातली एक गळते. मला वाटतं घरच्या व्हिडिओची खरी ताकद इथं आहे. साधेपणा, गरिबी, "मातीचा वास" यात नाही.

हे मुद्दाम म्हणते. त्यांच्याबद्दलचं माझ्या वाचनात आलेलं पुष्कळसं लिखाण वैधव्य, गरिबी, संघर्ष, व्हायरल होणं याच रस्त्यानं जातं. ते खोटं नाही. त्या आयुष्याशिवाय ही गाणी कळणारही नाहीत. पण एखाद्या पंडितजींच्या बैठकीवर लिहिताना आपण त्यांच्या घरभाड्यापासून सुरुवात करतो का? तिथं लय, लगाव, बढत असं लिहितो. इथं संघर्ष लिहितो आणि गाण्याला "काळजाला भिडणारं" म्हणून सुट्टी देतो. कौतुकाच्या पोटात बसलेला भेदभाव आहे हा, आणि संशोधन करणाऱ्याला तो दिसला पाहिजे. केशव वाघमारे यांनी पारीच्या संकेतस्थळावर मराठवाड्याच्या शाहिरांबद्दल लिहिलंय, ते वाचा. गाणं, कवी आणि चळवळ एकमेकांपासून न तोडता कसं लिहायचं, याचा तो चांगला नमुना आहे.

एकट्याचं रेकॉर्डिंग आणि बँडचं रेकॉर्डिंग यातला हा झगडा आपल्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेतला ब्रूस स्प्रिंगस्टीन हा मोठमोठी स्टेडियमं भरवणारा गायक. १९८२ च्या जानेवारीत त्यानं न्यू जर्सीत भाड्याच्या घरात बसून, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट मशीनवर गाणी रेकॉर्ड केली. ती नुसती बँडला दाखवायला होती, कच्ची प्रत. कॅसेट तो बरेच दिवस खिशात घालून फिरत होता, तिला डबीही नव्हती. मग बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली. जमेना. वाद्यं बरोबर, सूर बरोबर, पण गाण्यातली माणसं गेली. शेवटी त्यानं खिशातली कॅसेटच प्रसिद्ध केली, तो 'नेब्रास्का' नावाचा अल्बम. सप्टेंबर १९८२.

हे उदाहरण वापरा, पण जपून. स्प्रिंगस्टीनपुढं दोन्ही दारं उघडी होती, कंपनी मागं उभी होती, आणि साधेपणा ही त्याची निवड होती. ज्या कलावंताला स्टुडिओच परवडत नव्हता, तिच्या साधेपणाला "सौंदर्यविषयक निवड" म्हणून टाकणं म्हणजे दुसऱ्या टोकाचा खोटेपणा. तुलना करताना काय सारखं आहे एवढंच न लिहिता कुणाला काय नाकारता येत होतं, हेही लिहा.

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल, कारण ही चूक तुम्ही नक्की करणार. स्टुडिओचं गाणं म्हणजे केलेलं, सजवलेलं, आणि मोबाईलचं म्हणजे कच्चं, जसं झालं तसं, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. फोन ऐकता ऐकताच आवाजाशी खेळतो.

बहुतेक फोनमध्ये रेकॉर्डिंग करताना आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त होते. आवाज बारीक झाला की फोन तो उचलतो, मोठा झाला की दाबतो. त्यामुळं गळा थांबला की एकतारी एकदम पुढं येते, सोबत पंखा, कावळा, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं पुढं येतं. गळा सुटला की तार मागं सरकते. तुम्ही प्रबंधात लिहाल की "या कडव्यात गायिका एकतारीचा नाद हेतुपूर्वक मंद ठेवतात" आणि तो हेतू निघेल फोनचा. शिवाय बऱ्याच फोनमध्ये गोंगाट कमी करणारी यंत्रणा असते. ती माणसाचं बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून केलेली. एकसारखा चालणारा आवाज तिला गोंगाट वाटतो. एकतारीचं तर कामच एकसारखं चालत राहणं. मग व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ आणखी दाबला जातो, त्यात बारीकसारीक नाद गळू शकतो. आणि शेवटी तुम्ही तो ऐकता फोनच्याच इवल्या स्पीकरवर, ज्यातून भोपळ्याचा खर्ज बाहेर पडूच शकत नाही. किमान चांगले हेडफोन लावा. मी पहिले सहा महिने लावले नव्हते.

यावर एक सोपा प्रयोग आहे, पैसे लागत नाहीत. आमच्या गावच्या भजनी मंडळात एक आजोबा वीणा धरतात. एका एकादशीला मी एक फोन त्यांच्यापासून दोन हातांवर आणि दुसरा खांबापाशी ठेवला. एकच अभंग, एकच वेळ. घरी येऊन दोन्ही ऐकले तर एकात आजोबा गाताहेत आणि वीणा कुठंतरी आहे, दुसऱ्यात वीणेचा नाद सगळ्या देवळात भरलाय आणि आजोबा त्या नादातून येताहेत. दोन वेगळी गाणी. आजोबांना दोन्ही ऐकवली. ते म्हणाले, "मला तर तिसरंच ऐकू येतं." वीणा त्यांच्या खांद्याला टेकलेली असते, नाद हाडातून जातो. हे वाक्य मी माझ्या पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात जसंच्या तसं घातलंय.

म्हणून "अस्सल", "कच्चं", "नैसर्गिक" हे शब्द लिहिण्याआधी विचारा: फोन कुणी धरला होता? किती लांब? आडवा की उभा? मूळ फाईल आहे की फॉरवर्ड? एवढं कळलं तर अर्धा प्रबंध झाला. नाही कळलं तर कळलं नाही असं लिहा, पण "अस्सल" लिहू नका.

आता कवीबद्दल. समितीपुढं मी "लोकसंगीत" म्हणाले, ते चुकलं असं वर म्हटलं ना, ते यासाठी.

लोकगीताचा कर्ता माहीत नसतो. भीमगीताला कर्ता असतो. वामनदादा कर्डक, जन्म १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात "वामन" येतो, जसा अभंगात "तुका म्हणे" येतो. ही नाममुद्रा म्हणजे त्या गाण्याचं सातबारा उताऱ्यावरचं नाव समजा. जलशांच्या काळापासून गाणी तोंडोतोंडी जात आली, गावोगावच्या गायनपार्ट्यांनी म्हटली, आणि नाव गाण्याच्या आत शिवलेलं असल्यामुळं ते गाण्याबरोबर प्रवास करत राहिलं. छापील पुस्तक नको, कॅसेटचं कव्हर नको.

मग फोन आला. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसची मर्यादा बरीच वर्षं तीस सेकंदांची होती. तीस सेकंदांत काय बसतं? धृपद, आणि फार तर पहिलं कडवं. नाव असतं शेवटच्या कडव्यात. ते कापलं जातं. कुणी मुद्दाम कापत नाही, स्टेटस ठेवणारा प्रेमानंच ठेवतो. पण गाणं हजार ठिकाणी जातं आणि कवी घरीच राहतो. मग कुणीतरी तो तुकडा पुन्हा चढवतो आणि खाली लिहितो "लोकगीत" किंवा "पारंपरिक". आणि मग पीएचडीची एक विद्यार्थिनी समितीपुढं उभी राहून म्हणते, "सर, लोकसंगीत." कळलं का? मी त्या साखळीची शेवटची कडी होते.

ह्याला कायद्याचीही बाजू आहे. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ पर्यंत चालतो. "पारंपरिक" हा एक शब्द लिहिला की तो हक्क कागदावर न दिसता विरघळतो.

गिटारच्या जगात याचं एक ठसठशीत उदाहरण आहे, तुमच्या मित्रालाही सांगा. एलिझाबेथ कॉटन, नॉर्थ कॅरोलायनातली कृष्णवर्णीय बाई. डावखुरी. उजव्या हाताची गिटार तिनं तारा न बदलता उलटी धरून वाजवली, त्यामुळं अंगठ्यानं सूर आणि बोटांनी खर्ज, सगळ्या जगाच्या उलट. लहानपणी तिनं 'फ्रेट ट्रेन' नावाचं गाणं रचलं. पुढं वॉशिंग्टनमध्ये ती सीगर कुटुंबाकडं घरकामाला होती. चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ, रूथ क्रॉफर्ड सीगर संगीतकार, लोकगीतं गोळा करणारं घर! आणि त्या घरात स्वयंपाक करणारी बाई गिटार वाजवते हे कळायला काही वर्षं गेली. त्यांच्या मुलानं, माइक सीगरनं, ती घरीच वाजवत असताना टेपवर रेकॉर्ड केलं, आणि १९५८ साली फोकवेज कंपनीनं ते काढलं. पण त्याआधीच तिचं गाणं पेगी सीगरबरोबर इंग्लंडला गेलं होतं, तिथं ते १९५७ साली गाजलं, आणि गीतकार म्हणून दुसऱ्याच दोघांची नावं लागली. तिचं नाव त्या गाण्यावर परत आणायला भांडावं लागलं. तिचे चाहतेही त्या घरगुती टेपनंच तयार केले. १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, तिला ग्रॅमी मिळालं.

लोकगीतं गोळा करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात कवयित्री उभी असते आणि त्यांना दिसत नाही, ही गोष्ट मी अधूनमधून स्वतःलाच सांगते.

आपल्याकडं चांगलं काम झालेलंच नाही असं समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आधी शब्द उतरवले गेले, आवाजाचं रेकॉर्डिंग १९९० च्या दशकात, बर्नार्ड बेल यांच्यासोबत. २०१७ पासून ते पारीवर क्रमाक्रमानं येतंय. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा १९९६ सालचा आवाज तिथं ऐकायला मिळतो. ओवीही तशी घरातली, एकटीची, बिनसाजाची, फक्त जात्याची घरघर. पण तिथं प्रत्येक ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. इंटरनेटवर कसं ठेवायचं याचा धडा म्हणून तो संग्रह बघा. एक तक्रार माझी त्यावरही आहे: ओव्या विषयानुसार लावल्यात, त्यामुळं एका बाईनं एका बसणीत कोणत्या क्रमानं म्हटल्या हे शोधायला डोकं लावावं लागतं. आणि गाणारीसाठी क्रम म्हणजे विचार असतो. तरी लाखभर ओव्यांसमोर ही तक्रार जरा कोत्या मनाची वाटते, मान्य.

गावाचं नाव आलंच आहे तर जालन्याच्या मुलांसाठी एक खास सूचना. आपला जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी आपण औरंगाबाद जिल्ह्यात, आणि परतूर परभणी जिल्ह्यात. म्हणजे जुन्या संग्रहांत, गॅझेटिअरमध्ये, आकाशवाणीच्या नोंदींत "जालना जिल्हा" शोधलंत तर हाताला काही लागणार नाही आणि तुम्ही लिहाल की "या भागातील गायनपरंपरेची नोंद आढळत नाही". नोंद असेल, दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाखाली. तसंच २०२३ पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, व्हिडिओ शोधताना दोन्ही नावं टाका. माझे अर्धे व्हिडिओ एका नावाखाली सापडतात, अर्धे दुसऱ्या.

आणि सापडला की लगेच नोंद करा. तारीख, चॅनेल, किती मिनिटांचा, खाली कवीचं नाव आहे की नाही, आणि तुम्ही तो कोणत्या दिवशी पाहिलात. माझ्या यादीतले काही व्हिडिओ वर्षभरात गायब झाले. चॅनेल बंद, खातं बंद, किंवा कुणा कंपनीनं हक्क सांगितला. प्रबंधात लिंक दिली म्हणजे पुरावा दिला असं होत नाही. पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' हे १९९३ चं पुस्तक मिळवून वाचा, उत्तर भारतात कॅसेट आली तेव्हा गाण्याची मालकी कशी हलली त्यावर आहे. त्यांना निदान कॅसेटी विकत घेऊन कपाटात ठेवता येत होत्या. आपलं कपाट दुसऱ्याच्या घरात आहे आणि किल्लीही त्याच्याकडं.

परवानगीचंही तसंच. व्हिडिओ सगळ्यांना दिसतो म्हणून तो आपला होत नाही. गाणाऱ्याला, आणि शक्य असेल तर कवीला किंवा कवीच्या घरच्यांना, भेटा. फोनवर नको. जाताना वही न्या, आणि आधी ऐका.

आता परतूरचा मित्र आणि त्याचा गिटारवाला. त्याला प्रश्नावली देऊ नकोस, आधी त्याच्या खोलीत बस. पंखा बंद करून रेकॉर्ड करतो की चालू ठेवून? रात्री का करतो, घरचे झोपल्यावर? गिटार कुणाकडून आली, शिकला कुठून, व्हिडिओ बघून शिकला असेल तर कुणाचे? किती टेक घेतो आणि कोणता टाकतो? टाकलेला आणि न टाकलेला, दोन्ही ऐकायला माग. त्या दोन फायलींमध्ये जो फरक आहे तो त्याचा स्वतःचा निर्णय आहे, आणि ज्याला निर्णय असतो त्याच्यावर समीक्षा लिहिता येते. मराठी गाण्याची चाल तो कॉर्डवर बसवत असेल तर कुठं बसत नाही तेही विचार. तिथं बोट अडखळतं, आणि तुझं पहिलं प्रकरण बहुतेक त्या अडखळण्यातच आहे.

सरांना सांग की विषय "असले व्हिडिओ" हा नाहीये. सिनॉप्सिसचा मसुदा झाला की मला पाठव. शब्द उतरवलेले असतील तर सोबत मूळ फाईलही पाठव, मी हेडफोन लावून तपासते. "मह्या" चं "माझ्या" केलेलं सापडलं तर परत पाठवीन.